गढीची माती

वरूड म्हटले की संत्र्यांच्या बागा आठवतात. घराणी आणि त्यांच्या गढ्या पाहायला या भागात सहसा कुणी येत नाही. इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्यानंतर उमरावांची घरे नॅशनल ट्रस्टकडे येऊ लागली, लोक तिकीट काढून ती पाहू लागले. वऱ्हाडातील देशमुखांच्या गढ्यांच्या वाट्याला हे येणे कठीणच. त्या मुळात मातीच्या: पांढऱ्या मातीचे रुंद तट, बुरूज, आत वाडा. परगण्याचा वसूल आणि वसूल करणारा, दोघांना तो आडोसा होता. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे रयतवारी आली, देशमुखांचे वसुलीचे काम सुटले. गढी राहिली, तिचे प्रयोजन गेले. मग पावसाने आणि गावाने तिला हळूहळू खाल्ले. धाब्यावर घालायला, भिंती पोतारायला, शेतात खत म्हणून तिची माती गाडीगाडीने गेली.

इतिहासप्रेमी याला नासधूस म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. आपल्या भाषेत शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढर'. तटासाठी ही पांढर कुणी खणली, कुणी डोक्यावरून वाहिली, हे देशमुखी वंशावळीत शोधून उपयोग नाही. (वंशावळ तेवढी तोंडपाठ सांगितली जाते.) गढी पाहायला जाणाऱ्याने म्हणून आधी शेजारची जुनी घरे पाहावीत, तिचा बराचसा भाग तिथे असतो.