प्रशिक्षण तिकिटे (टपाल)

प्रशिक्षण तिकिटे : पोस्टातील नवशिक्या कारकुनांना खिडकीवरचे काम शिकवण्यासाठी वापरलेली, अधिमुद्रणाने निकामी केलेली टपाल तिकिटे. तिकीट अस्सल असते. कागद, रंग, डिंक, कडेची छिद्रे सगळे नेहमीचेच. फक्त त्यावर जाड पट्टे किंवा एखादा शब्द छापून त्याची किंमत काढून घेतलेली असते.

खिडकीवर बसणाऱ्याला तावातून हवी तेवढी तिकिटे नीट फाडता आली पाहिजेत, पाकिटाचे वजन करून आकार सांगता आला पाहिजे आणि दिवसअखेर शिल्लक तिकिटे व गल्ला यांचा मेळ बसवता आला पाहिजे. हा सराव चालू तिकिटांवर द्यायचा तर वर्गात रोकडच पसरून ठेवावी लागते. कोऱ्या कागदाचे तुकडे दिले, तर रंग पाहताच किंमत ओळखण्याची सवय लागत नाही. खरे तिकीट छापायचे आणि मग ते बाद करायचे, हा तोडगा त्यातूनच निघाला.

ब्रिटनमधली उदाहरणे सर्वांत परिचित आहेत. तिथल्या टपाल प्रशिक्षण शाळांसाठीच्या तिकिटांवर दोन जाड, काळे, उभे पट्टे छापलेले आढळतात. दुसऱ्या एलिझाबेथ राणीची डोरोथी वाइल्डिंग यांच्या छायाचित्रावरून केलेली तिकिटे १९५२ साली आली, तर आर्नल्ड मेचिन यांनी घडवलेल्या मुखाकृतीची १९६७ साली. दोन्ही मालिका या पट्ट्यांसह मिळतात. खिडकीवर विकल्या जाणाऱ्या बचत तिकिटांवरही असेच पट्टे छापले गेले. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले आणि पौंडाचे २४० पेन्स जाऊन १०० नवे पेन्स आले. म्हणजे मुरलेल्या कारकुनांचाही हिशेब नव्याने सुरू झाला.  

फ्रान्सने पट्ट्यांऐवजी शब्द निवडले. पेरणी करणाऱ्या स्त्रीचे चित्र असलेल्या तिथल्या प्रसिद्ध तिकिटांवर ‘आन्युले’ (रद्द) आणि ‘स्पेसिमेन’ (नमुना) ही अधिमुद्रणे आढळतात. संग्राहक त्यांना ‘शिकवणी वर्गाची’ तिकिटे म्हणतात. पुढे तिथे मुळातच टपालमूल्य नसलेली, ‘फिक्तिफ’ म्हणजे काल्पनिक असे स्वतःच कबूल करणारी लेबलेही निघाली.

ओळखताना पहिला प्रश्न असा, की या छपाईने तिकिटाला काही दिले की त्याच्याकडून काही घेतले? बहुतेक अधिमुद्रणे देणारी असतात. १८८५ पासून शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानासाठी भारतीय तिकिटांवर संस्थानाचे नाव छापले गेले. सरकारी कामाच्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ आले. फाळणीनंतर नाशिकच्या छापखान्यातच भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द चढला. १९२१ मध्ये एक आण्याच्या तिकिटावर नऊ पै ही नवी किंमत आली. या सर्व तिकिटांनी पत्रे गेली. प्रशिक्षण तिकिटावर मात्र नवे नावही नसते आणि नवी किंमतही.

अडचण इथून पुढे सुरू होते, कारण किंमत काढून घेणारी इतर अधिमुद्रणेही आहेत. १८७९ पासून जागतिक टपाल संघाच्या सदस्य देशांमध्ये वाटलेल्या अनेक नमुना तिकिटांवर ‘स्पेसिमेन’ असे, पण ती वर्गासाठी नव्हती. त्यामुळे फ्रेंच शब्द वाचून थांबता येत नाही. अक्षरांचे वळण आणि आकार संग्राहकांच्या विशेष सूचीशी ताडून पाहावे लागतात. स्पेनने एकोणिसाव्या शतकातील उरलेला साठा समांतर रेघा मारून बाद केला. त्या रेघाही फसवतात. ब्रिटिश पट्ट्यांबाबतही गोंधळ होऊ शकतो, कारण मेचिन तिकिटांवर पत्रांची छाननी करणाऱ्या यंत्रासाठी फॉस्फरचे उभे पट्टे असतात. तिकीट उजेडात तिरपे धरले की ते मंद चमकतात. शाळेचे पट्टे काळे असतात आणि समोरून पाहताच दिसतात.

मेचिन तिकिटे अतिशय स्वस्त असल्याने त्यांवर पट्टे ओढून बनावट माल तयार करणे अवघड नाही. भिंग घेऊन शाई पाहावी. मार्करची शाई कागदात पसरते, कधी पाठीमागेही उतरते. छापलेल्या पट्ट्याची कड स्वच्छ आणि शाई एकसारखी असते. सर्वांत उपयोगी कसोटी शाईच्या क्रमाची आहे. शाळेत तिकीट पट्ट्यांसहच येते, म्हणून सरावाचा शिक्का पडला तर तो पट्ट्यांच्या वर पडतो. पट्ट्यांखाली टपालाचा शिक्का दिसला, तर कुणीतरी आधी वापरलेल्या तिकिटावर नंतर हात फिरवला आहे. पाठीमागचा मूळ डिंक शाबूत असणे जमेचे. तेवढ्यावर मात्र निकाल देऊ नये, कारण कोरी तिकिटे जुन्या बाजारात सहज मिळतात.

ही तिकिटे लोकांना विकली जात नव्हती, वर्गातून बाहेर पडली तेवढीच संग्राहकांच्या हाती आली. सामान्य सूचींमध्ये त्यांना सहसा जागा मिळत नाही. विशेष सूचींमध्ये ती मुख्य क्रमांकांच्या मागे, परिशिष्टात सापडतात. सुट्या तिकिटापेक्षा चारचा जोड किंवा तावाची कड असलेला तुकडा तपासायला बरा. त्यात पट्ट्यांमधले अंतर तिकिटागणिक सारखे राहते का, हे पट्टीने मोजता येते, आणि असा अख्खा तुकडा हाताने रंगवणे बनावट करणाऱ्यालाही जड जाते.