तेरचे हरवले-सापडले

जत्रेत, एस. टी. स्थानकावर किंवा एखाद्या मोठ्या प्रदर्शनात सापडलेल्या वस्तू जमा करण्याची एक खिडकी असते. मुलांची गर्दी जिथे फार, तिथली ही खिडकी मोठी पाहण्यासारखी. एकाच पायातला बूट, बाहुलीचा हात, जाळी नसलेला भोवरा, कोणाचा तरी दुधाचा दात ठेवलेली डबी! धनी सहसा फिरकत नाही, कारण तोवर मूल दुसऱ्या खेळण्यात रमलेले असते. अशाच एका खिडकीची हकीकत मला सांगायची आहे. तिथल्या वस्तू मात्र दोन हजार वर्षांपूर्वी हरवलेल्या आहेत.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असते. तिथले रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या हजारो वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तिथे उभे आहे. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची जनावरे, पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या बाहुल्या. या बाहुल्या पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ.

तेर माझे आजोळ. पहिला वळीव झाला की आम्ही पोरे पांढरीवर धावत असू. जुनी वस्ती मोडून तिची जी पांढरट मातीची टेकाडे होतात त्यांना आमच्याकडे पांढर म्हणतात. पावसाने माती धुपली की तिच्यातले काहीबाही वर येते. मी नऊ वर्षांचा असताना मला भाजलेल्या मातीची एक चकती सापडली, रुपयाहून थोडी मोठी, मधोमध भोक असलेली. भोकात बाभळीचा काटा घालून मी ती दिवसभर फिरवली.

रात्री जेवताना मामांनी ती दिव्यापुढे धरली. "चाक आहे हे. कुण्या लेकराच्या गाडीचं."

आजीने ती हातात घेऊन बोटांनी चाचपली. "कशाचं चाक? टकळीची चकती हाय ही. माझ्या आजीपाशी अशीच होती."

वाद मिटला नाही. आठ दिवसांनी तेरणेत पोहून बाहेर आलो, सदऱ्याचा खिसा चाचपला, तर चकती गेलेली! दोन हजार वर्षे जी टिकली ती मी आठवड्यात हरवली.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की या गावाच्या बाबतीत वस्तूच काय, शहरही हरवले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरवर्णनात तगर नावाच्या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे, आणि तिथून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचला जातो, असे तो सांगतो. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत राहिले, पण ते पुर कोठे याचा विसर पडला. कोणी जुन्नर म्हटले, कोणी दौलताबाद, कोणी धारूर. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले.

म्हणजे गाव कापडाचे आणि गाड्यांचे! मामा आणि आजी, दोघांचेही म्हणणे त्या गावाला शोभणारे होते. मग खरे कोणाचे? हे चकतीला विचारून कळत नाही, तिच्या शेजाऱ्यांना विचारावे लागते. तिच्याजवळ मातीचा बैल निघाला असता तर ती गाडी, आणि तशाच चकत्यांची रास निघाली असती तर ते सूत कातणाऱ्यांचे घर. १९५८ साली चापेकरांनी तेरला उत्खनन केले, ते थर मोजीत आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपून ठेवीत. मी मात्र चकती उचलली त्याच क्षणी तिचे निम्मे बोलणे बंद केले होते. नदीत ती हरवली ही दुसरी खेप.

लामतुरे यांच्या संग्रहातल्या पुष्कळ वस्तूंचे हेच दुखणे आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीवर मोतीचंद्र यांनी १९६० साली लेख लिहिला. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत तिच्यासारखीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून ती त्याआधीची हे निश्चित. आपल्या मूर्तीचे वय ठरवताना मात्र त्या दूरच्या बहिणीचा आधार घ्यावा लागतो.

पण म्हणून लामतुरे यांना बोल लावणे कृतघ्नपणाचे होईल. मराठवाड्यात माळवदावर घालायला पांढरीचीच माती नेण्याची रीत होती. कितीतरी बाहुल्या आणि बैल असेच टोपलीतून छपरावर गेले असतील. जे मातीमोल होणार होते ते या माणसाने हातात धरून ठेवले. गोरोबांच्या पायांखाली तुडवले गेलेले मूल विठ्ठलाने परत दिले, अशी आख्यायिका सांगणाऱ्या गावात हे घडावे, याचे मला मोठे नवल वाटते.

मध्यंतरी पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा तेरला गेलो होतो. संग्रहालयातून बाहेर पडलो, तर आठनऊ वर्षांचा एक मुलगा मूठ मिटून दाराशी घुटमळत होता. मी विचारताच त्याने मूठ उघडली. मातीच्या बैलाचे मुंडके होते, एक शिंग मोडलेले.

"आजोबा, हे आत देऊ का?"

"देऊ की. पण आधी कुठं सापडलं ते दाखव."

तो पुढे पळत सुटला. मी चिखलातून त्याच्यामागे गेलो. ओघळीच्या काठाशी थांबून त्याने बोट दाखवले. तिथे आम्ही खुणेला एक दगड ठेवला, जवळच्या लिंबापासून पावले मोजली, आणि तो आकडा माझ्या वहीच्या कागदावर त्याच्याकडूनच लिहून घेतला. मग मुंडके त्या कागदात गुंडाळून आम्ही दोघे परत दाराशी आलो.