नवटाकीच्या मोलाची जागा

साल 1958. बुधवारची संध्याकाळ. तुम्ही धोबीतलावच्या नाक्यावर उभे आहात. ट्राम घंटा वाजवत वळते. कंडक्टर आणे आणि नवे पैसे यांचा मेळ घालत बोटं मोजतोय, कारण रुपयाचे शंभर भाग होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. पानवाल्याच्या फळीवर 'मराठा'चा अंक आहे. आचार्य अत्र्यांचा अग्रलेख एक जण मोठ्याने वाचतोय आणि चौघे माना डोलावताहेत. मुंबई द्विभाषिक राज्याची राजधानी आहे, संयुक्त महाराष्ट्राची घोषणा भिंतीभिंतीवर आहे. आणि 1950पासून या शहरात संपूर्ण दारूबंदी आहे.

तुमचा सोबती गोव्याचा, बोटीवरचा खलाशी. पुढची बोट मिळेपर्यंत तो जेर महालच्या वरच्या मजल्यावरच्या कुडात राहतो. कूड म्हणजे एका गावच्या माणसांचं मुंबईतलं बिऱ्हाड. भिंतीला लागून ट्रंका, प्रत्येकाचा संसार त्याच्या ट्रंकेत. कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स. गोव्यावर अजून पोर्तुगीजांचा अंमल आहे आणि 1955च्या नाकेबंदीपासून घरी जाणं दुरापास्त झालंय. तेर्स आटोपून तो खाली येतो. म्हणतो, "चल, आंटीकडे."

गल्ली अरुंद आहे. ओट्यावर एक पोरगा गोट्या खेळतोय, पण त्याचं लक्ष गोट्यांवर नाही. सोबत्याला ओळखून तो मान हलवतो. तुम्ही दोन घरं ओलांडून मागच्या दारानं आत शिरता.

हे कुणाचं तरी घर आहे, हे पहिल्या पावलालाच कळतं. पलंग भिंतीला सरकवलेला. येशूच्या तसबिरीपुढे लहानसा लाल दिवा. पलंगाच्या टोकाला बसून एक मुलगी शाळेचा अभ्यास करतेय, आणि तिच्यापासून दोन हातांवर, लाकडी बाकावर, सहा पुरुष जाड काचेचे ग्लास घेऊन बसलेत. आतून बोंबील तळल्याचा वास येतोय. फुलाफुलांच्या झग्यातली आंटी बोंबलांची बशी ठेवता ठेवता विचारते, "कितें जाय, पुता?"

नवटाक मागायची. शेराचा आठवा हिस्सा. दशमान पद्धतीची वजनमापं यायची आहेत, तोवर इथे नवटाक आणि पावशेर हीच भाषा. आंटी ग्लास पुढे करते. सोबती थोडी दारू बशीत ओततो आणि काडी ओढतो. निळी ज्योत. बाकावरचे समाधानानं मान हलवतात. माल चांगला आहे, असा त्या ज्योतीचा कौल. मिथेनॉलही असंच निळसर जळतं, हे इथे कुणाला ठाऊक नाही. रोज कुठल्या ना कुठल्या घरात ही काडी ओढली जाते आणि रोज माणसं त्या कौलावर आपला जीव सोपवतात.

दारू आलीय खाडीकाठच्या भट्टीवरून. काळा गूळ, नवसागर, सडकी फळं. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, ती ट्यूब कमरेला गुंडाळून, वरून सैल कपडे घालून कुणीतरी ती इथवर आणली आहे. पहिला घोट घशाखाली उतरताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. शेजारचा न बोलता फुटाण्यांची पुडी तुमच्याकडे सरकवतो. नाव विचारत नाही.

आठ वाजतात. आंटी रेडिओ लावते, आवाज बारीक ठेवते. सिलोनवर बिनाका गीतमाला. खोली गप्प होते. अमीन सायानींचा आवाज, मग गाणं. अंतऱ्यापूर्वी व्हायोलिनचा एक तुकडा येतो आणि कोपऱ्यातला पिकल्या केसांचा माणूस ग्लास खाली ठेवून बोटं हवेत हलवायला लागतो. ते व्हायोलिन त्याचं आहे. मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत गोव्याचे असे कितीतरी वादक आहेत. गाण्यानंतर गायकाचं, संगीतकाराचं, चित्रपटाचं नाव येतं, यांचं कधीच येत नाही. पण या खोलीत सगळे त्याच्याकडे बघून हसतात. बाकावरचा ट्रामचा ड्रायव्हर त्याच्यासाठी एक नवटाक सांगतो. साऱ्या देशात आज रात्री त्याला मिळालेली ही एकमेव दाद.

मग ओट्यावरच्या पोराची शिट्टी. ग्लास बाकाखाली, रेडिओ बंद. दारात हवालदार. आंटी पुढे होते, दोन शब्द बोलते, कागदाची घडी या हातातून त्या हातात जाते. दार लागतं. तुमच्या छातीत धडधडतंय आणि ती मुलगी पाढे म्हणत राहते. तिला सवय आहे. तिच्या शाळेची फी याच बाकावरून जाते.

तुम्हाला राग यायला हवा, पण तो त्या बाईचा नको. याच शहरात डॉक्टरचं प्रमाणपत्र मिळवून, प्रकृतीसाठी आवश्यक म्हणून परमिट काढून, रीतसर विलायती पिणारे लोक आहेत. त्यांच्याकडे दिवाणखाना आहे, क्लब आहे. ज्याच्याकडे डॉक्टर नाही, दिवाणखाना नाही, त्याचा ग्लास तेवढा गुन्हा. आणि ज्या बाईचा नवरा समुद्रावर आहे किंवा समुद्रानं गिळलाय, तिला उपजीविकेचं एक साधन याच कायद्यानं दिलं. एकीकडे कायदा मोडत आणि दुसरीकडे पदरमोड करून हवालदाराला सांभाळत तिनं पोरं वाढवली.

ग्लास रिकामा होतो. तुम्हाला उठवायला कुणी येत नाही. हे लक्षात ठेवा.

आता सोळा वर्षं पुढे या. 1974, लालबाग. दुपारचे साडेतीन. भोंगा झालाय आणि गिरणीच्या दरवाजातून पहिली पाळी बाहेर पडतेय. केसांवर, भुवयांवर कापसाची तूस. त्या गर्दीत तुम्ही आहात, बदली कामगार. सलग तीन वर्षांच्या दुष्काळानं गावचं शेत करपलं, म्हणून गाववाल्याचा पत्ता घेऊन मुंबईत आलात.

आता जायचं कुठे? गाळ्यावर? दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस जणांच्या वळकट्या आहेत. सगळे एकदम झोपू शकत नाहीत, म्हणून पाळीपाळीनं झोपतात. तुमच्या जागेवर या घटकेला रात्रपाळीचा माणूस घोरतोय. खानावळीतलं जेवण रात्री. व्यायामशाळा, देवळाचा ओटा, भजनी मंडळ आहे, पण आज पाय दुखताहेत आणि मनही. तुम्ही कोपऱ्यावरच्या देशी दारूच्या बारमध्ये शिरता.

आता इथे लपवाछपवी नाही. दारूबंदी सैल झालीय आणि 1973च्या नियमांनी देशी दारूला सरकारमान्य बाटली, झाकण आणि परवाना दिलाय. दाराच्या चौकटीला फाटका पडदा. आत पत्र्याची टेबलं, लाकडी बाकं, भिंतीला अर्ध्यापर्यंत तेलरंग. संत्रा की मोसंबी, एवढाच प्रश्न गल्ल्यावरचा माणूस विचारतो. बाहेरच्या हातगाडीवर उकडलेली अंडी, मूगभजी, तव्यावर तडतडणारी कलेजी. तुम्ही क्वार्टर घेता आणि कोपरा धरता.

हळूहळू कान उघडतात. एक जण गावाकडून आलेलं पत्र समोरच्याला वाचून दाखवतोय. अक्षर ओळखणारा तो एकटाच. "म्हसरू विकलं" हे वाक्य आल्यावर ऐकणारा म्हणतो, "पुढं वाच." दुसऱ्या टेबलावर जानेवारीतल्या वरळीच्या दंगलीची गोष्ट चालू आहे, दलित पँथरचा एक पोरगा हातवारे करून सांगतोय. मे महिन्यातल्या रेल्वे संपात नोकरीवर गदा आलेला एक जण मान खाली घालून ऐकतोय. कुणी वाद घालतो, कुणी शिवी हासडतो, बाटली मात्र कुणी फोडत नाही.

गल्ल्याजवळच्या बादलीकडे बघा. सगळे ग्लास त्या एकाच पाण्यात बुचकळले जातात. तुम्ही जिथून आत्ता आलात त्या गिरण्यांत साचेखात्याचं दार दलितांना वर्षानुवर्षं बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि दुसऱ्याच्या उष्ट्याचा विटाळ होई. 1928च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. इथे उष्ट्याची चौकशी होत नाही. दाराबाहेर पडलं की आडनावं परत चिकटतात, हे खरं. पण दिवसातला एक तास तरी ती बाहेर ताटकळत राहतात.

त्या फाटक्या पडद्याबाहेरही बघा, नाहीतर हा प्रवास खोटा ठरेल. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात बायका उभ्या असतात, पाकीट बारच्या आधी आपल्या हाती पडावं म्हणून. या बाकांवर त्यांना जागा नाही. रात्री तुम्हाला गरम भाकरी वाढणारी खानावळवाली सावकाराच्या व्याजानं पिचलेली आहे. पुढच्या वर्षी, 1975 साली, प्रेमाताई पुरव अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करतील. पुरुषाच्या विसाव्याचा हिशेब नेहमी कुठल्यातरी बाईच्या वहीत लिहिलेला असतो. धोबीतलावची आंटी काय, लालबागची खानावळवाली काय.

18 जानेवारी 1982. गिरण्यांचा संप सुरू होतो. पहिले काही आठवडे बार भरलेला आहे, बोलणं सगळं डॉ. दत्ता सामंतांचं. मग उधारीची वही जाड होते. मग बाकं मोकळी पडू लागतात. माणसं गावाला गेली आहेत. वहीतली कितीतरी नावं पुन्हा कधी आलीच नाहीत.

आता आजच्या मुंबईत उतरा. त्याच लालबाग-परळमध्ये मान वर केली तर टॉवर संपत नाहीत. गिरणीच्या आवारात मॉल आहे, तिथल्या बारमध्ये एका ग्लासाच्या किमतीत या भागातल्या घराचा आठवड्याचा बाजार होईल. तरी एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, गॅरेज आणि पिठाच्या गिरणीच्या मधे, 'परमिट रूम' अशी पाटी अजून दिसते. ती पाटी म्हणजे 1949च्या दारूबंदी कायद्याचा आजही चालू असलेला अंमल. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपयांचा, विदेशीसाठी पाच रुपयांचा.

आत या. रंग उडालेली भिंत, हळू फिरणारा पंखा, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार. रखवालदार, रंगारी, कुरिअरचा पोरगा, निवृत्त बस कंडक्टर. वेटर तुम्हाला "काका" किंवा "शेठ" म्हणेल आणि तेच पुढच्या टेबलावरच्या हमालालाही म्हणेल. शेंगदाणे फुकट. टीव्हीवर कुठलातरी जुना सामना. पेला रिकामा झाला तरी तुम्हाला उठवायला कुणी येत नाही.

इथपर्यंत तुम्ही तीन मुंबया पाहिल्यात. तिन्हीत दारू वाईट होती किंवा जेमतेम होती. तिच्या चवीसाठी इथे कुणी आलं नाही. माणसं आली ती बसायला. ज्या शहरात झोपायची जागाही पाळीनं मिळते, तिथे पाठ टेकून, कुणाचं काही देणं नसल्यासारखं तासभर बसणं हा मोठा ऐवज आहे. साध्या बारनं तो नवटाकीच्या मोलानं विकला, आणि घेणाऱ्याला त्याची जात, पगार, पत्ता विचारला नाही. या जागांची ओढ एवढ्यातच आहे.

या जागांचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. दारूनं मोडलेली घरं खरी आहेत, आणि विषारी दारूनं घेतलेले जीवही. जून 2015मध्ये मुंबईतल्याच मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली. ती गरीब होती आणि स्वस्त ग्लास शोधत होती. म्हणूनच परवाना असलेला, स्वच्छ, स्वस्त, उजेडातला बार हवा. तो बंद पडला की पिणारा पिणं सोडत नाही, अंधाराकडे जातो. शिवाय शहरानं बसण्याच्या इतर जागाही द्यायला हव्यात, जिथे ग्लास विकत घ्यावा लागणार नाही आणि जिथे बायकांनाही तेवढ्याच निवांतपणे पाठ टेकता येईल. वाचनालयं, बागेतली बाकं, रात्री उघडी असलेली चहाची दुकानं.

तुमच्या गल्लीत असा एखादा बार अजून असेल तर त्याच्याकडे नाक मुरडून बघू नका, आणि गंमत म्हणून फोटो काढायलाही जाऊ नका. गेलात तर शेजाऱ्यासारखे जा. पीत नसाल तर सोडा मागवा. बिलावर वेटरसाठी काही ठेवा. समोरचा बोलला तर ऐका, गप्प असेल तर गप्प राहू द्या. आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात तळमजल्याच्या गाळ्यांवर चर्चा होईल तेव्हा सभेत हात वर करून एवढंच विचारा की या वस्तीत कमी पैशांत माणसानं बसायचं कुठे. उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.