देवडी, राजांगण आणि हक्कांचं गोल घर

'हक्का नूडल्स' आपण सगळ्यांनीच खाल्ल्या आहेत. पणजीच्या गाड्यावर खाल्ल्या, जत्रेतल्या स्टॉलवर खाल्ल्या. पण 'हक्का' म्हणजे काय, हे मला पंचेचाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो एखादा मसाला असेल!

तर हक्का ही चीनमधली एक जमात. शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. उत्तर चीनमधून लढाया आणि दुष्काळ यांमुळे हे लोक टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकले. सुपीक जमिनी आधीच दुसऱ्यांच्या ताब्यात होत्या, म्हणून ते डोंगराळ भागात राहिले. शेकडो वर्षं झाली तरी नाव पाहुणेच. कोलकात्याच्या टांग्रा भागात ज्यांनी चामड्याचे कारखाने चालवले, ते चिनी बहुतेक हक्काच. आपल्या नूडल्सना नाव मिळालं ते त्यांच्यामुळे.

या हक्कांची घरं मी एका माहितीपटात पाहिली आणि बघतच राहिलो. फुजिआन प्रांतात मातीच्या भिंतींची प्रचंड घरं आहेत, काही गोल तर काही चौकोनी. त्यांना तुलोऊ म्हणतात. (शेजारच्या मिन्नान लोकांनीही अशी घरं बांधली आहेत.) बाहेरची भिंत एक-दीड मीटर जाड, खालच्या मजल्यांना बाहेर खिडकी नाही, आत जायला बहुधा एकच मोठा दरवाजा. आत मध्ये अंगण आणि पूर्वजांचं दालन. चेंगची नावाचं १७०९ साली पूर्ण झालेलं घर तर एकात एक अशा चार वर्तुळांचं आहे. भरभराटीच्या काळात त्यात ऐंशी कुटुंबं राहत. २००८ साली युनेस्कोने अशा ४६ घरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मला सगळ्यात आवडली ती तिथली वाटणी. प्रत्येक कुटुंबाला घराची उभी फाक मिळते, कलिंगडाची फोड कापावी तशी. तळमजल्यावर चूल, वरच्या मजल्यावर धान्याचं कोठार, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. श्रीमंत असो की गरीब, खोल्या सारख्याच. विहीर, अंगण, दरवाजा आणि पूर्वज सगळ्यांचे सामाईक.

आता तुम्ही म्हणाल, पणजीच्या कचेरीत फायली हलवणाऱ्या माणसाला चीनच्या घरांचं काय पडलंय? सांगतो. पण त्याआधी हैदराबादला जाऊन येऊ.

मागच्या वर्षी एका नातलगाच्या लग्नाला हैदराबादला गेलो होतो. चारमिनार, बांगड्यांचा लाडबाजार, सालारजंग संग्रहालय हे सगळं झालं. एक सकाळ रिकामी होती. एम.ए.ला इतिहास घेतला होता त्याची थोडी खाज अजून शिल्लक आहे, म्हणून शाहअलीबंडा भागात रायरायां यांच्या देवडीची जागा शोधत निघालो. रिक्षावाला म्हणाला, "देवडी तो गई साब, घडियाल है." म्हणजे देवडी गेली, घड्याळ आहे.

देवडी हा शब्द आपल्या मराठीतही आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजाशेजारी पहारेकऱ्याला बसायला जी जागा असते ती देवडी. हैदराबादेत मात्र या शब्दाने दरवाजा ओलांडला आणि अख्खं घर व्यापलं. तिथे देवडी म्हणजे अमीर-उमरावांचा संपूर्ण वाडा. उंच तटासारखी भिंत, हत्ती जाईल एवढी कमान, वर नगारखाना. आत एकामागून एक चौक. पुढे मर्दाना, म्हणजे पुरुषांचा आणि दरबाराचा भाग. मागे जनाना. मध्ये कारंजी, बाग, चुन्याच्या गिलाव्यातलं नाजूक नक्षीकाम, लाकडी खांबांची दालनं. त्याखेरीज फर्राशखाना, तोशाखाना, मुदपाकखाना, घोड्यांच्या पागा. दरवाजावर बहुधा अरब शिपाई. या सगळ्यांबरोबर कारकून, खानसामे, दाया, आश्रित, लांबचे नातेवाईक आणि त्यांची मुलं. एक देवडी म्हणजे भिंतीच्या आत एक गावच.

या देवड्यांत मराठी माणूस होता, आणि तोही मोठ्या जागेवर. पहिला निजाम आसफजाह याने १७२४ साली दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली. त्या राज्याचा हिशेब दोन मोठ्या दफ्तरांत विभागलेला होता. दफ्तर-ए-माल माथुर कायस्थांच्या मालवाला घराण्याकडे, तर दफ्तर-ए-दिवाणी रायरायां या देशस्थ ब्राह्मण घराण्याकडे. औरंगाबाद, वऱ्हाड अशा मराठी मुलखाचे कागद या दुसऱ्या दफ्तरात. पद वंशपरंपरेने चालायचं. मुसलमान राजा, फारसी कारभार आणि हिशेब ठेवणारे हात मराठी. एकोणिसाव्या शतकात पहिल्या सालारजंगाने (तो १८५३ मध्ये दिवाण झाला) कारभाराची घडी नव्याने बसवली, तेव्हा दफ्तरदारांची जुनी सत्ता ओसरली. मान मात्र राहिला. याच घराण्यातले राजा शामराज विसाव्या शतकातही निजामाच्या कार्यकारी मंडळात होते.

मी स्वतः कारकून, त्यामुळे जगाच्या इतिहासात कारकुनांचा कुठे मान झाला असेल तर मला जरा जास्तच आनंद होतो!

रायरायांच्या देवडीतला घड्याळाचा मनोरा १९०४ सालचा. त्याच्या चार बाजूंवर चार वेगवेगळ्या लिप्यांतले आकडे आहेत. रोमन, अरबी, तेलुगू आणि आपली नागरी. वेळ एकच, पण ज्याने त्याने आपल्या अक्षरांत वाचावी. मी नागरी बाजूच्या खाली बराच वेळ उभा होतो. आजूबाजूला दुकानं, हॉर्न, चहाच्या टपऱ्या. ज्या घराने हा मनोरा बांधला, त्याचं मूळ रूप आता उरलेलं नाही.

याच भागात महाराजा किशनप्रसाद यांची देवडी होती. हे दोनदा राज्याचे प्रमुख मंत्री झाले, पहिल्यांदा १९०१ ते १९१२. त्यांच्या हिंदू राण्या होत्या आणि मुसलमान बेगमाही. हिंदू राण्यांची मुलं हिंदू म्हणून वाढली, बेगमांची मुसलमान म्हणून. एका छपराखाली दसराही आणि मोहरमही. आपल्याकडे एकाच आडनावाची, एकाच मूळ पुरुषाची दोन घरं, एक देवळात जाणारं आणि एक इगर्जीत जाणारं, अशी उदाहरणं आहेत. म्हणून गोमंतकीयाला याचं फार आश्चर्य वाटू नये.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. देवडी हे हक्कांच्या घरासारखं समान वाटणीचं घर नव्हतं. हक्कांच्या घरात ऐंशी कुटुंबांची ऐंशी चुली आणि ऐंशी हक्क. देवडीत चूल एकाची, बाकीचे त्या चुलीवर पोसलेले. मालक जेवला की पंगती बसायच्या हे खरं, पण पंगतीत बसणाऱ्याचा भिंतीच्या एका चिऱ्यावरही हक्क नव्हता. आमच्या जुन्या घराभोवती मुंडकार राहायचे, तेही असेच. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. देवडीतल्या आश्रितांच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

देवड्या कशा गेल्या? सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. योग्यच झालं. शेतकऱ्याच्या घामावर कारंजी उडत होती, ती थांबली. पण उत्पन्न आटलं आणि घर तेवढंच राहिलं. वारस वाढत गेले. चौकाच्या मधोमध भिंती उभ्या राहिल्या. रस्त्याकडचा भाग दुकानांना गेला, मागचा बिल्डरला. मालवालांची १८४५ ची देखणी देवडी २००० साली पाडली गेली. वारसास्थळ म्हणून तिची नोंद होती, तरीही. हुसैनी आलममधली खुर्शीदजाह यांची खांबांची देवडी उभी आहे, पण तिनेही अनेक वर्षं पडझड सोसली.

सालारजंगांची गोष्ट तर अजब. तिसरे सालारजंग १९४९ मध्ये वारले. लग्न केलेलं नव्हतं, वारस नाही. म्हणून त्यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय झालं. १९५१ साली पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं ते त्यांच्याच दिवाण देवडीत. १९६८ मध्ये संग्रहालय नव्या इमारतीत गेलं. वस्तू वाचल्या. दिवाण देवडीच्या मात्र कमानी उरल्या आणि आत बाजार भरतो. म्हणजे वारस नसले तरी घर जातं आणि वारस फार झाले तरी जातं!

आता माझ्याकडे येतो.

आमचं मूळ घर फोंड्याकडे आहे. मध्ये राजांगण, चारी बाजूंनी ओसरी, राजांगणात तुळस. पावसाळ्यात चारी पागोळ्यांचं पाणी त्यात पडायचं आणि आम्ही मुलं कागदी होड्या सोडायचो. चतुर्थीला एकेकाळी साठ पानं वाढली जायची. आज तिथे फक्त माझे थोरले काका आणि काकी राहतात. पोर्तुगीज काळापासून आपल्या कायद्यात मुलगे-मुली सारखेच वारस, ही आपल्या गोव्याची चांगली बाजू. त्यामुळे कागदावर आम्ही आता सत्तावीस जण आहोत. मुंबई, पुणे, मस्कत, टोरांटो.

दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं. दिल्लीचं. पंचवीस जणांच्या सह्या झाल्या आहेत. राहिल्या दोन, एक टोरांटोच्या चुलत बहिणीची आणि एक माझी. गेल्या चतुर्थीला काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सय कर रे बाबा, आमी म्हातारे जाले. कौलां कोण परततलो?"

मला उत्तर देता आलं नाही. पावसाळ्याआधी कौलं परतायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी स्वतः पणजीत दोन खोल्यांच्या फ्लॅटात राहतो आणि वर्षातून दोनदा त्या घरात जातो. राजांगणाचं प्रेम मला, पण तिथला झाडू काकीच्या हातात.

हैदराबादहून आल्यावर मी हक्कांच्या घरांबद्दल पुन्हा वाचलं. वाटलं होतं, समान वाटणीमुळे तिथली घरं तरली असतील. तसंही नाही. तिथलीही तरुण मंडळी शहरात गेली, खोल्यांना कुलपं लागली. बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि पर्यटकांना चहा विकणारी दुकानं. पण एक रीत टिकली आहे. सणाला माणसं परत येतात आणि पूर्वजांच्या दालनात धूप लावतात. ते दालन कुणा एकाच्या फाकेत येत नाही.

म्हणून मी परवा सगळ्या भावंडांना पत्र लिहिलं. घर विकायचं तर विका, मी अडवणार नाही. काका-काकींना शेवटची वर्षं नीट जगता यावीत, हे आधी. पण राजांगण, देवघर आणि पुढची ओसरी एवढा भाग सामाईक ठेवता येईल का, आणि त्याची कौलं परतायचा खर्च सत्तावीस जणांत वाटता येईल का, हे एकदा एकत्र बसून बोलूया. माझा वाटा मी आधी घातला आहे, रकमेसकट.

आतापर्यंत चार जणांची उत्तरं आली आहेत. दोन 'हो', एक 'बघू' आणि एक नुसतंच हात जोडल्याचं चित्र. सहीचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. येत्या चतुर्थीला काकांसमोर तो घेऊन बसायचं आहे, मग निर्णय काहीही होवो.

तुमच्याही घरी असा एखादा कागद असेल. असेल तर त्यावर सही करण्याआधी एकदा त्या घरात एक रात्र राहून या. सकाळी उठून अंगण झाडा. मग ठरवा.