लस होती, मोबाईलही होता, तरी नंबर का लागला नाही? आरोग्याचं ॲप सगळ्यांना वापरता येण्यासाठी काय लागतं

मे 2021. देशात कोरोनाची दुसरी लाट होती. 1 मेपासून 18 ते 44 वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं, पण सुरुवातीला अट एकच होती: आधी कोविन पोर्टलवर नोंदणी करा, वेळ ठरवा आणि मगच केंद्रावर या. डोळे चांगले, बोटं चपळ आणि इंटरनेट वेगवान असलेल्यांनाही तेव्हा नंबर मिळवताना घाम फुटत होता. ज्यांना दिसत नाही, त्यांची गाडी त्याच्याही आधी अडत होती.

दृष्टिहीन व्यक्ती मोबाईल वापरतात ते स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. पण कॅप्चामधली अक्षरं चित्रात असतात आणि ती त्याला वाचता येत नाहीत. म्हणजे फोन आहे, शिक्षण आहे, केंद्रावर लसही आहे, पण वाट एका चित्रापाशी बंद.

न्यायालयाने काय नोंदवलं?

कोरोनाकाळातल्या व्यवस्थेबाबत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात 31 मे 2021 रोजी एक आदेश दिला. त्यात कोविनमधल्या अडचणी एकेक करून मांडल्या होत्या. आवाजी कॅप्चाची सोय नाही. वयोगट, लसीचं नाव, मोफत की सशुल्क हे निवडण्याचे पर्याय स्क्रीन रीडरने नीट वापरता येत नाहीत. फक्त कीबोर्डने साइट चालवता येत नाही. वेळ ठरवण्याआधीच आपोआप लॉग आउट होण्याची भीती आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन किंवा इंटरनेटच नाही, त्यांनी काय करायचं, हा प्रश्नही न्यायालयाने विचारला.

जूनच्या सुरुवातीला कोविन मराठीसह 12 भाषांमध्ये उपलब्ध झालं. 21 जूनपासून केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करण्याची सोय देशभर सर्व प्रौढांसाठी खुली झाली.

अडचण नेमकी कोणाची?

2011 च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यातल्या सुमारे 29 लाख 60 हजार महाराष्ट्रात होत्या. नंतर आलेल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, त्यामुळे कायद्याच्या कक्षेत येणाऱ्यांची संख्या वाढली.

पण अडचण तेवढ्यांचीच नाही. मोतीबिंदू झालेली आजी, कंपवातामुळे हात थरथरणारे काका, उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला तरुण, वाचण्याची सवय नसलेली व्यक्ती, घरात एकच फोन असलेलं कुटुंब, या सगळ्यांना तोच दरवाजा अरुंद पडतो. शिवाय आरोग्यसेवेची गरज पडते तेव्हा माणूस आजारी किंवा घाबरलेला असतो.

‘घरातलं कोणीतरी भरून देईल’ हे उत्तर पुरत नाही. मानसिक आजार, गर्भधारणा किंवा एचआयव्हीची तपासणी अशा गोष्टी रुग्णाला घरच्यांपासूनही खाजगी ठेवायच्या असू शकतात. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, तर ती खाजगी राहत नाही.

सुलभ म्हणजे काय?

वेबसाइट सुलभ करण्याचे जगभर वापरले जाणारे निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. त्यामागची तत्त्वं चार आहेत.

1. जाणवेल असं. माहिती डोळ्यांनी नाही, तर कानांनी मिळाली पाहिजे. रक्ततपासणीचा अहवाल म्हणजे नुसता स्कॅन केलेला फोटो असेल, तर स्क्रीन रीडरला त्यातला मजकूर मिळत नाही. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 इतका फरक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं या कसोटीत नापास होतात. ‘लाल म्हणजे धोका’ एवढ्यावर भागत नाही. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांसाठी शेजारी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असं लिहावं लागतं.

2. चालवता येईल असं. माऊसशिवाय सगळी कामं जमली पाहिजेत. बटणं थरथरत्या बोटालाही सापडतील एवढी मोठी हवीत. वेळ संपत असेल तर आधी सूचना आणि वेळ वाढवून घेण्याची सोय हवी.

3. समजेल असं. ‘अवैध इनपुट’ या संदेशाने कोणाचंही भलं होत नाही. ‘मोबाईल नंबर 10 आकडी हवा, तुम्ही 9 आकडे लिहिलेत’ हे कळतं. औषधाच्या चिठ्ठीवर ‘बी. डी.’ लिहिण्याऐवजी ‘सकाळी एक, रात्री एक’ लिहिलं, तर गोळी चुकण्याची शक्यता कमी होते.

4. इतर साधनांशी जुळेल असं. अँड्रॉइडवरचं टॉकबॅक किंवा आयफोनवरचं व्हॉइसओव्हर सुरू असताना ॲप कोलमडू नये. बटणाला नाव दिलेलं नसेल, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. त्यातलं ‘अपॉइंटमेंट रद्द करा’ कुठलं आणि ‘पुढे जा’ कुठलं, हे कळत नाही.

ई-संजीवनीसारख्या दूरस्थ सल्ला सेवांमुळे डॉक्टर मोबाईलवर भेटू लागले. अशा व्हिडिओ कॉलमध्ये कर्णबधिर रुग्णासाठी लिखित संवाद, बोलण्याचा मजकूर पडद्यावर दिसणं आणि गरज असेल तेव्हा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला तिसरी व्यक्ती म्हणून जोडता येणं आवश्यक आहे.

कायदा काय म्हणतो?

2016 च्या कायद्याचं कलम 42 माहिती आणि तंत्रज्ञान सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17802 हे मानकही आहे.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवणं ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि दृष्टिहीनांना शक्य होत नाही, अशी तक्रार होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं आणि केवायसी सुलभ करण्यासाठी 20 निर्देश दिले. चेहरा दाखवून ओळख पटवण्याची पद्धत आरोग्यसेवेत येईल, तिथेही हाच प्रश्न उभा राहणार आहे.

ॲपबाहेरचा रस्ता

ॲप कितीही चांगलं केलं तरी काही जण बाहेर राहतातच. म्हणून फोनवरून नोंदणी, केस पेपरची खिडकी आणि आशा सेविकेची मदत हे रस्ते सुरू ठेवावे लागतात. 14 आकडी आभा क्रमांकही रुग्णालयात मदत घेऊन काढता येतो.

घरबसल्या तपासणी

एखादं ॲप सुलभ आहे का, हे पाहायला तज्ज्ञ लागतोच असं नाही.

- मोबाईलमधलं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि डॉक्टरांची वेळ ठरवून पाहा.
- अक्षरांचा आकार सर्वात मोठा करा. बटणं पडद्याबाहेर जातात का?
- पडदा कृष्णधवल करा. अहवालातला धोका अजून कळतो का?
- संगणकावर माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने फॉर्म भरा.
- घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला काही न सांगता तेच काम करायला द्या आणि ती कुठे थांबते ते पाहा.

अडचण सापडली तर तारीख, पान आणि स्क्रीनशॉटसह आधी सेवा देणाऱ्यांना कळवावं. दिव्यांग व्यक्तीचा हक्क डावलला जात असेल, तर 2016 च्या कायद्यानुसार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ‘ॲप चालत नाही’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘टॉकबॅक सुरू असताना तारीख निवडता येत नाही’ असं लिहिलं, तर दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.