गणिताचा ताळा

नॉर्वेंतील स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडींत २३ ऑगस्ट १९९१ रोजीं ‘स्लाइपनर-ए’ या वायु-उत्पादनाच्या मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया, चांचणी चालू असतां, फुटून तळाशीं गेला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं.

त्याचें गणित ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीनें केलें होतें. म्हणजे रचना लहान लहान तुकड्यांची कल्पून प्रत्येकांतील ताण काढावयाचा. परंतु कोठ्यांच्या सांध्यांपाशीं तुकडे फार मोठे धरल्यामुळें कर्तन-ताण ४७ टक्के कमी आला. भिंती पातळ राहिल्या. सळ्यांची बांधणीहि अपुरी पडली. मागाहून केलेल्या सूक्ष्म गणितांत भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असें निघालें. प्रत्यक्षांत ती ६५ मीटरवर फुटली.

खेदाची गोष्ट ही कीं, उत्तरांतील चूक अजमावण्याची रीत बाबूश्का व राइनबोल्ट यांनीं १९७८ सालींच मांडली होती. १९८७ सालीं झिएन्कीविच व झू यांनीं व्यवहारास सोपी अशी दुसरी रीत दिली. शेजारच्या तुकड्यांतील ताण परस्परांशीं जुळतात काय तें पाहावें. जेथें तफावत मोठी, तेथेंच तुकडे बारीक करून गणित पुन्हां मांडावें.

शाळेंत आम्ही उत्तराबरोबर ताळाहि मागत असूं. हजारों टन काँक्रीटच्या गणितासहि तो नियम सुटत नाहीं.