सुगीला विकायचं, आषाढात मागायचं

आजऱ्याला पावसाची ददात कधीच नव्हती. आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आमच्याच अंगणातून गेल्यासारखी वाहते, आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि खाचरात पिकतो तो घनसाळ. तांदूळ आखूड, पण एका घरात शिजला तर वास चार घरांना कळतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा मुलखात माणसं उपाशी राहत होती, हे सांगितलं तर आजची पोरं हसतात. आज्जी मात्र आषाढाचं नाव निघालं की गप्प व्हायची, आणि मग एकेक सांगायची.

सुगी संपली की कणगी भरलेली असायची, पण ती आपली नसायची. खंडकऱ्याचा खंड, सावकाराचं देणं, लग्नाची उचल, सगळं त्याच महिन्यात दारात उभं. सगळेच एका वेळी विकायला काढणार म्हटल्यावर घनसाळला भाव कुठला? सुवासाचा तांदूळ बाजारात जायचा आणि घरात उरायच्या कण्या, नाचणा नि वरी. जेठ सरता सरता कणगीचा तळ हाताला लागायचा. मग त्याच सावकाराच्या ओसरीवर जायचं आणि दिढीनं धान्य आणायचं. आषाढात चार पायल्या न्यायच्या, सुगीला सहा घालायच्या. म्हणजे पुढच्या सालची कणगी आधीच अर्धी रिकामी.

वर्षातलं सगळ्यात जड काम नेमकं त्याच दिवसांत. कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात दिवसभर रोपलावण, आणि घरी आल्यावर नाचण्याची पातळ आंबील. “पुरुष माणसाला भाकरी, पोरांना आंबील, आणि आमाला भांडं धुतलेलं पाणी,” आज्जी सांगायची, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. बांधावरचा टाकळा, कुरडू, रानातली भारंगी यांवर किती चुली चालल्या, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. आफ्रिकेत नायजर, मालीसारख्या देशांत आजही जून ते ऑगस्ट हे पीक हाती येण्याआधीचे महिने भुकेचे म्हणूनच ओळखले जातात. राबणाऱ्याची भूक तिथंही पेरणी-खुरपणीच्याच दिवसांत येते.

आज्जा सालं सांगायचा ती आकड्यांनी नव्हे. एक लेव्हीचं, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीचं साल. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला; १९४३ मध्ये मुंबईत रेशन सुरू झालं. रंगून कुठं आणि आजरा कुठं! पण लेव्हीचा माणूस वाड्यावस्त्यांवर येऊन धान्य मोजू लागला, आणि लोकांनी बियाण्याची गाठोडी गवताच्या गंजीत लपवली. त्याच साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिलं, की तिथं पीक फारसं घटलं नव्हतं. भाव चढले आणि मजुराच्या हातात ते विकत घ्यायला काही उरलं नाही. आज्ज्यानं सेनांचं नाव ऐकलं नव्हतं, पण सांगायचा तेच: “धान्य हुतं रं, आपल्याकडं न्हवतं.”

दुसरं साल मिलोचं. १९७२ च्या दुष्काळानं महाराष्ट्र होरपळला. आमच्याकडं तेवढी झळ नव्हती, पण रेशनच्या रांगेत परदेशी लाल ज्वारी आली. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि पोरं ती बघून तोंड फिरवायची. त्याच दुष्काळात रोजगार हमीला बळ मिळालं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडली तर पैसा मिळेल, हा हक्क झाला.

तिसरं साल संपाचं. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातल्या घरोघरचा एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत. आषाढातली ओसरीची वाट टळली ती गिरणीच्या मनीऑर्डरीनं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काही महिन्यांत वळकट्या घेऊन माणसं गावाला परतली. त्या वर्षी खाणारी तोंडं वाढली आणि पोस्टमन दारावरून पुढं जाऊ लागला.

तिन्ही सालांत आमच्या आभाळानं आम्हाला उपाशी ठेवलं नाही. एकदा परक्यांच्या लढाईनं ठेवलं, एकदा दुसरीकडच्या दुष्काळानं, एकदा बंद पडलेल्या गिरणीनं; आणि एरवी दर वर्षी दिढीनं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र कुटुंबातल्या माणशी महिना पाच किलो धान्य मिळू लागलं, आणि आषाढात ओसरीवर जायची वेळ बहुतेकांची टळली. हे उपकार नव्हेत, हा हक्क आहे, आणि तो राखला पाहिजे. पण पिशवीत येतो तो मुख्यतः गहू नि तांदूळ. ज्यानं आम्हाला जगवलं तो नाचणा उतारावरून हटतो आहे. तिथं काजू आला, आणि राहिलेल्या पिकात गवे नि हत्ती शिरतात. सरकार नाचण्याला हमीभाव जाहीर करतंच. तो भाव देऊन आमच्या डोंगरातला नाचणा इथंच विकत घ्या आणि इथल्याच रेशन दुकानात द्या. आणि घनसाळची पिशवी घेणाऱ्या प्रत्येकानं एवढं विचारावं: यातले किती पैसे पिकवणाऱ्याच्या हातात पडले?